रॉड की वायर? आधी टोकं बघा

रायबंदरहून आलेल्या एका पत्राचा गोषवारा असा. पत्रलेखक आणि त्यांचे थोरले बंधू यांनी निम्मे-निम्मे पैसे घालून ३६ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. बोट १९८९ साली युरोपात बांधलेली. डोलकाठीला स्प्रेडरच्या (बाजूचे आधार फाकवणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) दोन जोड्या, उभं रिगिंग, म्हणजे काठी उभी धरणारे आधार, सगळं रॉडचं, तारेऐवजी सलग सळईचं; पुढे शीड गुंडाळणारा रोलर फर्लर. ऑक्टोबर ते मे या काळात सुटीच्या दिवशी मांडवीतून बाहेर पडून ग्रँड आयलंड, कधी तेरेखोलपर्यंत जातात. पुढच्या हंगामात मालवण, कारवार आणि जमलं तर मुंबई गाठायचा बेत आहे. रिगिंग शेवटचं कधी बदललं याचा कागद नाही, विकणारा म्हणाला, "ठणठणीत आहे." अलीकडे काठीवर चढून पाहिलं तेव्हा डावीकडच्या खालच्या श्राउडच्या (काठीला बाजूने धरणाऱ्या आधाराच्या) वरच्या टोकाशी तांबूस रेघ दिसली. दादांचं म्हणणं असं, की रॉडला काही होत नसतं, तो शर्यतीच्या बोटींचा माल आहे, वायर घातली तर बोट मंदावेल आणि किंमतही उतरेल. गोव्यात बांधलेल्या बोटी जगाला प्रदक्षिणा घालून आल्या, मग आपणच हलका माल का वापरायचा? पत्रलेखकांना सगळा रॉड काढून वायर घालायची आहे, कारण वायर तुटायला आली की निदान दिसते तरी. घरात या विषयावर आता बोलणंच नको असं झालंय. "रॉड की वायर, एका शब्दात सांगा," असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

एका शब्दात हवं असेल तर वायर. मात्र तुम्ही दिलेल्या कारणासाठी नव्हे; आणि दादांचं सगळंच चुकतंय असंही नाही. तुम्ही दोघं भांडताय ते मधल्या सळईवरून किंवा तारेवरून. रिगिंग दगा देतं ते बहुतेक वेळा टोकांशी: टर्मिनल (टोकावर बसवलेली पकड), टॉगल (टोकाचा हलता सांधा), पिन, चेनप्लेट (बोटीच्या बाजूला रिगिंग अडकवायची धातूची पट्टी). तिकडे लक्ष गेलं नाही तर पैसे खर्च होतील आणि धोका होता तिथेच राहील.

पण आधी ती रेघ. ती कशाची हे कळेपर्यंत शीड उभारू नका. नदीत इंजिनावर फिरायला हरकत नाही, तेही पाणी शांत असेल तर. डाव्या बाजूला एक रिकामं हॅलयार्ड (शीड वर ओढायचा दोर) खाली आणून चेनप्लेटजवळच्या भक्कम जागी अडकवा आणि विंचने ताणून ठेवा. खालच्या श्राउडचं काम ते पूर्णपणे करणार नाही, पण अगदीच निराधार राहण्यापेक्षा बरं.

तपासायला सकाळी, वारा पडलेला असताना चढा. दोन हॅलयार्ड हवीत, एक खुर्चीला आणि दुसरं हार्नेसला. चढण्याआधी दोन्ही बाजूंच्या खालच्या श्राउडचे टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) थोडे ढिले करा. काठी वरच्या श्राउडांवर आरामात उभी राहते. वर गेल्यावर रॉड हाताने किंचित वर ढकलला की त्याचं डोकं खोबणीतून उचललं जातं आणि डोक्याखालचा गळा उघडा पडतो. बघायचं ते तिथेच. पॉलिश आणि सुती फडक्याने तांबूस डाग पुसा. डाग गेला आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धातू एकसंध दिसला तर बहुधा तो वरवरचा आहे. मांडवीवरून खनिजाचे बार्ज जातात, त्यांची लाल धूळ बसते. शेजारच्या बोटीवर कुणी लोखंड ग्राइंडरने कापलं असेल तर त्याचे कण उडून स्टेनलेसवर गंजतात. पण पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच आकाराची रेघ परत आली तर ती धूळ नव्हे.

शंका उरलीच तर डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणाऱ्या रंगाची, चाचणी करा. वास्कोकडे जहाजदुरुस्तीच्या कामात वेल्डिंग तपासायला हीच चाचणी वापरतात, त्यामुळे तीन डब्यांचा संच मिळवणं अवघड नाही. क्लीनरने जागा धुऊन पूर्ण वाळू द्या. लाल द्रव मारून दहा ते वीस मिनिटं थांबा. मग फडक्यावर क्लीनर घेऊन पुसा. इथे बरेच जण चुकतात: क्लीनर थेट जागेवर फवारला की भेगेत शिरलेला लाल रंगही धुऊन निघतो आणि भेग असूनही सगळं स्वच्छ दिसतं. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर द्या आणि दहा मिनिटांनी बघा. पांढऱ्यावर बारीक, धारदार लाल रेषा उमटली तर तो रॉड संपला. त्याचा उजव्या बाजूचा जोडीदार आजवर तेवढाच राबला आहे, त्यालाही संपलेलाच धरा.

आता "रॉडला काही होत नसतं" याकडे येऊ. तुमच्या बोटीवरचा रॉड बहुतेक नायट्रॉनिक ५० या मिश्रधातूचा असणार. त्यात क्रोमियम आणि मँगनीज ३१६ स्टेनलेसपेक्षा जास्त असतं, ताकद जास्त आणि खाऱ्या पाण्यात टिकावही चांगला. शिवाय सळई गुळगुळीत आणि एकसंध. मीठ साचायला तारांमधल्या फटीच नाहीत. मधल्या लांबीपुरतं दादांचं म्हणणं खरं आहे. टोकाची गोष्ट वेगळी. तिथे थंड धातू प्रेसमध्ये दाबून छत्रीसारखं डोकं घडवलेलं असतं आणि सगळा भार त्या डोक्याच्या गळ्यावर येतो. टॉगल नसेल, अडकला असेल किंवा चेनप्लेट श्राउडच्या रेषेत नसेल तर प्रत्येक हेलकाव्याला गळा थोडासा वाकतो. लाखो वेळा वाकला की आत भेग पडते आणि ती वाढत जाते. रॉड एकसंध असल्यामुळे एकदा भेग पुरेशी खोल गेली की पुढचं सगळं एका झटक्यात. जिथे सलग रॉड स्प्रेडरच्या टोकावरून वाकवून नेलेला असतो, तिथेही हेच होतं.

म्हणून रॉडची देखभाल म्हणजे ठरावीक वर्षांनी काठी उतरवून प्रत्येक टोक सोडून बघणं, आणि गरज पडली तर डोकं कापून नवं घडवणं. कागद नसेल तर माल बोटीइतकाच जुना, म्हणजे १९८९चा धरायचा. इतक्या वर्षांत टोकं उघडलीच गेली नसतील तर "ठणठणीत" म्हणणाऱ्याने ते कशावरून म्हटलं, हा प्रश्न दादांना जरूर विचारा. पण जरा प्रेमाने.

तुमचा मुद्दाही तपासू. वायर तुटायला आली की दिसते, हे अर्धंच खरं. उभ्या रिगिंगची वायर १×१९ असते: मधे एक तार, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. बाहेरून दिसतात त्या बारा. आतल्या सात दिसत नाहीत. बाहेरची तार तुटली की तिचं टोक हुकासारखं बाहेर येतं आणि फडकं फिरवलं की अडकतं. ही खूण खरी आणि मोलाची, कारण एक तार गेली तरी बाकीच्या बोटीला घरी आणण्यापुरत्या टिकतात. (फडकंच फिरवा, बोटं नको.) पण वायरचा खरा शत्रू खालच्या स्वेज टर्मिनलमध्ये, वायरवर दाबून बसवलेल्या नळीत, बसलेला असतो. पाणी वायरवरून ओघळत टर्मिनलच्या तोंडात उतरतं, सुकतं, मीठ मागे ठेवतं, पुन्हा उतरतं. आत हवा पोचत नाही, आणि हवा नसेल तर स्टेनलेसवरचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही. गंज आतून फुगतो आणि टर्मिनलच्या नळीला उभी, केसाएवढी चीर पडते. वर बारा तारा चकाकत असतात, खाली मुळी कुजलेली. थंड देशांत वायरचं आयुष्य दहा-बारा वर्षं धरतात. आपल्या दमट खाऱ्या हवेत आठव्या वर्षापासून बदलायच्या तयारीला लागावं.

वायर घालूनही दुर्लक्ष केलं तर काठी पडायची ती पडेलच. मग मी वायरच्या बाजूने का? कारण तुम्ही ती इथे, स्वतःच्या हातांनी बसवू शकता.

रॉडचं डोकं घडवायला त्या मापाच्या साच्यांचं खास हायड्रॉलिक प्रेस लागतं. ते साध्या वर्कशॉपमध्ये नसतं आणि खराद्याकडून "तसंच काहीतरी" करून घ्यायचं हे काम नव्हे. म्हणजे रॉड बाहेर पाठवायचा. तो गुंडाळताना वेटोळ्याचा व्यास रॉडच्या जाडीच्या सुमारे दोनशे पट ठेवावा लागतो, ६.३५ मिमीच्या रॉडला सव्वा मीटरहून मोठं वेटोळं. त्याहून लहान केलं तर रॉड कायमचा वाकतो. तेवढी पेटी जाणार, कस्टम्समधून परत येणार, आणि मापात पाच मिलिमीटर चूक निघाली तर पुन्हा तोच प्रवास. कारवारला नांगर टाकलेला असताना एखादं टोक गेलं तर सुटा रॉड बोटीवर ठेवायची सोयही नाही.

वायरला यांत्रिक टर्मिनल बसवता येतात. स्टा-लॉक, नॉर्समन ही नावं तुम्ही ऐकली असतील. दोन पाने, एक व्हाइस, बारीक दातांची हॅकसॉ एवढ्यात काम होतं. कापायच्या जागी वायरला घट्ट टेप गुंडाळा, काटकोनात कापा. टर्मिनलचा तळाचा भाग आधी वायरवर ओवा. हे विसरून पुढचं सगळं करणारे कमी नाहीत. बाहेरच्या बारा तारा उलगडा, आतल्या सातांवर कोन (शंकूच्या आकाराचा तुकडा) चढवा आणि गाभा कोनाबाहेर कारखान्याच्या कागदात दिलाय तेवढाच राहू द्या. बारा तारा कोनाभोवती सारख्या अंतरावर बसवा. कोनाला उभी खाच असते, त्यात एकही तार पडू देऊ नका. तळाचा भाग वर ओढून एकदा कोरडंच आवळा आणि उघडून बघा. तारांची टोकं आत सारखी वळली असतील तरच आत मरीन सीलंट भरा, आट्यांना लॉकिंग द्रव लावा आणि कायमचं आवळा. सीलंट तोंडातून बाहेर आला पाहिजे, म्हणजे पाण्याला जागा उरली नाही. जोर लावून आट्या मोडू नका. पुढे कधी वायर बदलाल तेव्हा टर्मिनल तेच चालतं, कोन मात्र नवा घ्यायचा.

माझ्या मते वरच्या टोकांना कारखान्यात केलेले स्वेज आणि खालच्यांना यांत्रिक टर्मिनल हा इथल्यासाठी चांगला मेळ. वरच्या टोकाचं तोंड खाली असतं, पाणी साचत नाही. आणि लांबी ठरवायला खालचं टोक तुमच्या हातात राहतं.

दादांच्या वेगाच्या मुद्द्याला आकड्यांनी उत्तर देऊ. व्हर्नियरने रॉड मोजा. ५.७२ मिमी असेल तर तो -८, ६.३५ असेल तर -१०, ७.१४ असेल तर -१२. तो आकडा म्हणजे तुटण्याचा भार ढोबळ मानाने किती हजार पौंड हे सांगतो. -१० म्हणजे साडेचार टनांच्या थोडं वर. तुमच्या आकाराच्या बोटीला वरच्या श्राउडांसाठी हाच असण्याची शक्यता आहे, तरी मोजूनच घ्या. ३१६ची १×१९ वायर ७ मिमी घेतली तर सुमारे चार टन, ८ मिमी घेतली तर पाचाच्या पुढे. म्हणून -१० रॉडच्या जागी ८ मिमी. जाडी तीच ठेवून ६ मिमी वायर घालणं ही घोडचूक. ती तीन टनांच्या आसपासच थांबते.

आता ताण, म्हणजे भाराखाली किती लांबतं ते. बारा मीटर लांबीवर एक टन भार आला तर ६.३५चा रॉड साधारण दोन सेंटीमीटर लांबतो. ७ मिमी वायर तीन ते पावणेचार, ८ मिमी अडीच ते तीन. म्हणजे एक माप वर गेलात की फरक उरतो सेंटीमीटरभर. शर्यतीत पुढच्या शिडाचा आकार त्या सेंटीमीटरने बिघडतो, हे खरं. ग्रँड आयलंडच्या वाटेवर दुपारच्या वायव्य वाऱ्यात तो कुणाला कळणार नाही. वजन? -१० रॉड मीटरला सुमारे पाव किलो, ८ मिमी वायर सुमारे ३२० ग्रॅम. सगळ्या तुकड्यांची बेरीज नव्वद-शंभर मीटर धरली तर सहा-सात किलो जास्त. ते उंचावर असतं म्हणून अगदीच नगण्य नाही, पण काठीवर कायम लटकवून ठेवलेला जुना रडार रिफ्लेक्टर आणि न लागणारी हॅलयार्ड काढलीत तर बरंचसं भरून निघेल. दादांचं समाधान व्हायचं असेल तर डायफॉर्म जातीची वायर विचारा: तिच्या तारा दाबून चपट्या केलेल्या असतात, त्याच जाडीत ताकद जास्त आणि ताण कमी. ७ मिमी डायफॉर्म तुम्हाला चालून जाईल. महाग असते, आणि यांत्रिक टर्मिनलला तिचा वेगळा कोन लागतो, हे मागणी नोंदवतानाच सांगा.

जगप्रदक्षिणेचं म्हणाल, तर दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या शिडाच्या बोटींमागे नौदल उभं होतं, सुटे भाग आणि माणसं बंदराबंदरांत पोचवणारं. तुमच्यामागे दादा आहेत आणि मे महिना आहे.

वायर घ्यायचं ठरलं तरी रॉड काढला आणि वायर अडकवली इतकं ते सरळ नाही. रॉडचं डोकं काठीतल्या ज्या खोबणीत बसतं तिथे वायरचं टर्मिनल बसेलच असं नाही. काही काठ्यांत गोल वाटीसारखी बैठक असते, तिला बॉल-टोकाचे स्वेज मिळतात. काहींना टी-टर्मिनल चालतात. काहींत टँग (काठीवरच्या अडकवायच्या पट्ट्या) बदलावे लागतात. स्प्रेडरची टोकं रॉडच्या मापाने घडवलेली असतात. सलग रॉड तिथे वाकत असेल तर ती टोकंच नवी लागतील, नाहीतर ८ मिमी वायर धारेवर बसून महिन्याभरात तारा तुटू लागतील. फर्लरच्या फॉइलमधून (शीड अडकवायच्या पोकळ पट्टीतून) ८ मिमी वायर आणि तिचं टर्मिनल जातं का, ते फोरस्टे (काठीचा पुढचा आधार) मागवण्याआधी बघा. आणि ८ मिमी वायरच्या टर्नबकलला पिन जाड लागू शकते. चेनप्लेटचं भोक मोठं करून ती बसवू नका. भोकाच्या कडेला उरलेला धातूच भार घेतो.

म्हणून कोटेशन मागताना तीन वेगळे आकडे मागा: वायर आणि टर्मिनल, काठीतल्या बैठकी आणि स्प्रेडरची टोकं, टर्नबकल आणि टॉगल. नुसत्या वायरचा दर ऐकून हुरळून जाल आणि खर्च दुसऱ्या ओळीत निघेल. दुसरी ओळ फारच फुगली तर मधला मार्ग आहे: फोरस्टे आणि बॅकस्टे (काठीचा मागचा आधार) वायरचे, बाजूचे श्राउड रॉडचे, नवी डोकी करून. चालतं. एका बाजूला रॉड आणि दुसऱ्या बाजूला वायर, किंवा वरचे श्राउड रॉडचे आणि खालचे वायरचे असं मात्र करू नका. ताण सारखा न येता काठी मधेच वाकडी होते. डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या दोराचं रिगिंगही हल्ली लोक करतात. ऊन, घासणं आणि हळूहळू लांबत जाणं या तिन्हींकडे सतत लक्ष द्यावं लागतं. पहिल्याच बदलासाठी तो घाट घालू नका.

खरेदीत सावध राहा. ३०४ला ३१६ म्हणून विकणं सर्रास चालतं आणि लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, मॉलिब्डेनम दोन ते तीन टक्के आहे का ते त्यात बघा. हॉटेलांच्या बाल्कनीला काचेऐवजी जी वायर ताणतात तिची टर्मिनलं दिसायला अगदी आपल्यासारखी असतात, पण ती रेलिंगसाठीची. मासेमारीच्या ट्रॉलरची मऊ वायर, बुलडॉग क्लिपा, हे सगळं ट्रॉलरवरच राहू द्या.

आता ज्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही ते: चेनप्लेट. रिगिंग कधीतरी बदललंही गेलं असेल, चेनप्लेट बहुधा १९८९च्याच. डेकमधून जिथे त्या खाली उतरतात तिथलं सीलंट सुकतं, पावसाचं पाणी आत मुरतं, डेकच्या गाभ्यात साचून राहतं, आणि त्या ओलीत, हवेविना, स्टेनलेसला खोल खड्डे पडतात. वरचा भाग आरशासारखा, आतला फणसाच्या सालीसारखा. केबिनमध्ये चेनप्लेटखालच्या लाकडावर तपकिरी ओघळ दिसतात का बघा. दिसले नाहीत तरी प्रत्येक बाजूची एक तरी प्लेट पूर्ण बाहेर काढा; डेकच्या जाडीतला तेवढा पट्टा बघितल्याशिवाय नव्या वायरीला हात लावू नका. खड्डे असतील तर सगळ्या बदला, ३१६ची, मूळ मापाहून थोड्या जाड. हे काम गोव्यात नीट होतं. पैसे कमी पडत असतील तर आधी चेनप्लेट, मग खालचे श्राउड आणि फोरस्टे, मग बाकीचं. पण चाचणीत भेग निघाली असेल तर त्या जोडीला थांबवून ठेवता येणार नाही.

वेळेचं गणित आपल्या पावसाळ्याने सोपं केलंय. मेअखेर बोट वर घ्यायचीच असते, तेव्हाच काठीही उतरवा. यार्ड मांडवीच्या पुलांच्या वरच्या अंगाला असेल तर पुलाखालची उंची आणि भरतीची वेळ आधी विचारा. काठी खालीच उतरवावी लागेल असं धरून क्रेनची सोय बघा. काठी आडवी झाली की प्रत्येक रॉडला बाजू आणि जागा लिहिलेली चिठ्ठी बांधा, जमिनीवर सरळ पसरून पोलादी टेपने पिनेपासून पिनेपर्यंत मोजा. डावा-उजवा सारखाच असेल असं धरू नका. टर्नबकल अर्धा उघडा धरून लांबी ठरवा, म्हणजे वायर बसली की आवळायला जागा राहील. जूनमध्ये मागणी गेली तर सप्टेंबरात काठी उभी करता येते. ऑगस्टमध्ये जागे झालात तर दिवाळीही हुकेल.

काठी उतरवायची नसेल आणि बोट ताडपत्रीखाली ठेवणार असाल, तर आधी सगळं रिगिंग गोड्या पाण्याने धुवा. ताडपत्रीचे दोर श्राउडला बांधू नका. टर्नबकलवरच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, स्वेजवर गुंडाळलेली टेप, सगळं काढा. चार महिने आत ओल धरून ठेवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

नवी वायर बसवल्यावर ताण मोजायला महागडं यंत्र नको. वायर हाताने आवळून सरळ झाली की दोन मीटर लांबीवर खूण करा. १×१९ वायर तेवढ्या लांबीत एक मिलिमीटर ताणली म्हणजे तुटण्याच्या भाराच्या पाच टक्के. वरच्या श्राउडांना तीन मिलिमीटर, म्हणजे पंधरा टक्के, इथून सुरुवात करा. वीस टक्क्यांपुढे जायचं कारण नाही. पहिल्या चार-पाच सफरींत वायर बसते, तेव्हा पुन्हा आवळा. वाऱ्याच्या उलट बाजूचे श्राउड लोंबत हलताना दिसले तर ताण कमी आहे, आणि त्या हलण्यानेच टोकं थकतात. टर्नबकलच्या आट्यांना लॅनोलिन लावा, स्प्लिट पिनचे पाय थोडेच फाकवा.

मुंबईच्या बेतासाठी एक गोष्ट बोटीवर हवीच. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यातच बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात बोट उलटून मोडली. तो समुद्र आपल्या वाट्याला येणार नाही, पण मोडलेली काठी बोटीच्या अंगावर आपटत राहिली तर फायबर फोडते, हे कोणत्याही पाण्यात खरं. वायरला जाड कटर चालतो, रॉड मात्र त्यातून निसटतो. दोन्हींना चालणारा उपाय म्हणजे टोकं अडकवणाऱ्या क्लेविस पिन ठोकून काढणं: एक ड्रिफ्ट पंच, दोन पौंडी हातोडा, स्प्लिट पिनसाठी पक्कड. कॉकपिटच्या लॉकरमध्ये, दोरीने बांधून.

उरला किमतीचा प्रश्न. बोट विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा विचारेल, रिगिंग कधीचं? विमा कंपनीही तेच विचारते. तारीख असलेलं वायरचं बिल आणि चेनप्लेटचे फोटो समोर ठेवलेत तर भाव टिकतो. १९८९चा रॉड असेल तर घेणारा नव्या रिगिंगचा सगळा खर्च आधी वजा करतो, मग बोलायला बसतो. दादांना हे पटायला हरकत नाही. आणि नाहीच पटलं, तर रॉड ठेवून सगळी डोकी नवी करण्याचं कोटेशन त्यांनाच आणायला सांगा, पेटीच्या भाड्यासकट.